कॉम्प्युटरचे ए आणि बी ड्राइव्ह कुठे गेले? उत्तर गॅरी किल्डॉलच्या गोष्टीत सापडतं

विंडोजचा कॉम्प्युटर उघडला की समोर सी ड्राइव्ह दिसतो. मग डी, मग ई. पण ए आणि बी कुठे गेले, हा प्रश्न कॉम्प्युटर शिकताना बऱ्याच जणांना पडलेला असतो.

उत्तर सोपं आहे. ए आणि बी ही फ्लॉपी ड्राइव्हची नावं होती. आधी फ्लॉपी आली, हार्ड डिस्क मागाहून आली, म्हणून तिच्या वाट्याला तिसरं अक्षर आलं. पुढे फ्लॉपी गेली, पण तिची अक्षरं तिच्या नावानेच राहिली.

आता पुढचा प्रश्न. ड्राइव्हला अशी अक्षरं द्यायची पद्धत छोट्या कॉम्प्युटरवर रुळवली कोणी? बिल गेट्सने नाही, आयबीएमनेही नाही. ती रुळवली गॅरी किल्डॉल नावाच्या, नौदलाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका मास्तराने.

गॅरीचं नाव निघालं की एकच किस्सा सांगितला जातो. आयबीएमची माणसं दारात आली तेव्हा हा गडी विमान उडवायला गेला होता, म्हणून त्याच्या हातातोंडाशी आलेला घास बिल गेट्सने पळवला. किस्सा ऐकायला भारी आहे, पण अर्धवट आहे. आणि त्याच्या ओझ्याखाली गॅरीचं खरं काम दडपलं गेलं. कीबोर्डवरचं बटण दाबल्यावर ते अक्षर प्रोग्रामपर्यंत नेऊन पोचवायचं कोणी, या प्रश्नाचं उत्तर छोट्या कॉम्प्युटरसाठी त्याने घालून दिलं होतं.

खलाशांच्या शाळेतला पोरगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला. घरचा धंदा जरा वेगळा होता. त्याच्या आजोबांनी सुरू केलेली नौकानयनाची शाळा होती आणि घरातली माणसं खलाशांना समुद्रावर दिशा कशी शोधायची ते शिकवायची. गॅरीही तिथे शिकवायचा. गणिताचा शिक्षक व्हायचं या बेताने तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि तिथे कॉम्प्युटरच्या नादी लागला. १९६३ साली त्याने डोरोथी मॅकइवनशी लग्न केलं.

तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि तरुणांना सैन्यात जावंच लागायचं. गॅरीच्या वाट्याला आलं कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथलं नौदलाचं पदव्युत्तर कॉलेज. बंदूक हातात घेण्याऐवजी तो तिथे कॉम्प्युटर शिकवायला लागला. १९७२ साली त्याने डॉक्टरेटही पूर्ण केली. प्रोग्राम आपोआप सुधारून वेगवान कसा करायचा, यावरचं त्याचं त्या काळातलं संशोधन आजही कंपायलरच्या अभ्यासात शिकवलं जातं.

म्हणजे गॅरी हा नशिबाने पुढे आलेला हौशी माणूस नव्हता. विषयाचा पक्का अभ्यास असलेला मास्तर होता.

१९७१ च्या शेवटी इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. एक अख्खा प्रोसेसर नखाएवढ्या तुकड्यावर! इंटेलच्या डोळ्यांसमोर होते कॅल्क्युलेटर आणि ट्रॅफिक सिग्नलसारखी यंत्रं. गॅरीला मात्र त्यात टेबलावर मावणारा कॉम्प्युटर दिसला. तो इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करू लागला आणि १९७३ साली त्याने इंटेलच्या ८००८ या चिपसाठी पीएल/एम नावाची प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी लिहिलेली ही पहिली मोठी भाषा.

एक जुनी फ्लॉपी आणि एक नवी कल्पना

अडचण वेगळीच होती. त्या काळी छोट्या मशीनवर प्रोग्राम साठवायचा म्हणजे कागदाच्या पट्टीला भोकं पाडायची. काम संथ, पट्टी फाटली की सगळं मुसळ केरात. तेव्हा नुकत्याच आलेल्या फ्लॉपी डिस्कवर गॅरीची नजर गेली. त्याने शुगार्ट कंपनीचा एक ड्राइव्ह मिळवला, पण तो आपल्या मशीनला जोडणारं सर्किट काही त्याला जमेना. शेवटी जॉन टोरोडी हा जुना मित्र मदतीला आला आणि १९७४ साली ती जोडणी चालू झाली.

त्या डिस्कवर फाइल लिहायला, वाचायला आणि शोधायला गॅरीने एक प्रोग्राम लिहिला. नाव दिलं सीपी/एम. त्याने ही ऑपरेटिंग सिस्टीम इंटेललाच देऊ केली होती. इंटेलने भाषा घेतली, ऑपरेटिंग सिस्टीम घेतली नाही. मग गॅरी आणि डोरोथीने स्वतःची कंपनी काढली. आधी नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, म्हणजे थेट आकाशगंगांच्या पलीकडचं. पुढे त्यातली आकाशगंगा गळाली आणि डिजिटल रिसर्च उरलं. धंद्याची बाजू डोरोथी सांभाळायची. कंपनीचा पत्ता होता मॉन्टेरेला लागून असलेल्या पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या गावातला.

मग आयएमएसएआय नावाची कंपनी सीपी/एम मागायला आली. १९७७ साली तिने २५,००० डॉलरमध्ये परवाना घेतला. पण तिच्या डिस्क वेगळ्या होत्या. त्याआधीही प्रत्येक नव्या मशीनसाठी गॅरीला आपला प्रोग्राम उकलून पुन्हा शिवावा लागला होता. आज एक कंपनी आली, उद्या दहा येतील. प्रत्येकासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत बसायचं का?

इथे गॅरीने जे केलं, ते पुढच्या सगळ्या इतिहासात टिकलं. त्याने सिस्टीमचे सरळ वेगवेगळे भाग पाडले. मशीन बदललं की बदलणारा जो काही भाग होता, तो सगळा एका छोट्या तुकड्यात काढून ठेवला. त्या तुकड्याचं नाव बायोस. कॉम्प्युटर चालू करताना आजही ज्या बायोसचं नाव कानावर पडतं, ते नाव इथून आलं.

बटण दाबल्यावर नेमकं काय व्हायचं?

सीपी/एमचे तीन थर होते. सगळ्यात खाली बायोस. त्याच्या वर बीडीओएस, म्हणजे सिस्टीमचं खरं डोकं. आणि सगळ्यात वर सीसीपी, जो माणसाशी बोलायचा.

मशीन चालू केलं की सीसीपी स्क्रीनवर ए हे अक्षर आणि त्याच्यापुढे एक बाण दाखवायचा. याचा अर्थ, मी ए ड्राइव्हवर आहे, काय करायचं ते सांगा. आज लॉगिन केल्यावर समोर येणारा डेस्कटॉप जे काम करतो, ते तेव्हा हा एक बाण करायचा. तुम्ही प्रोग्रामचं नाव टाइप केलं की सीसीपी तो डिस्कवरून मेमरीत आणायचा आणि स्वतः बाजूला व्हायचा. मेमरी इतकी कमी होती की जागा लागली तर प्रोग्राम सीसीपीलाच पुसून तिथे बसायचा! काम संपलं की सीसीपी डिस्कवरून पुन्हा आणला जायचा आणि बाण परत दिसायचा. एका माणसाचं एक सत्र म्हणजे हा एवढा फेरा.

आता कीबोर्डचं बघू. एखाद्या प्रोग्रामला अक्षर हवं असेल तर त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. त्याने बीडीओएसला फक्त एक क्रमांक सांगायचा. १ म्हणजे कीबोर्डवरून अक्षर आणून दे. २ म्हणजे स्क्रीनवर अक्षर टाक. ९ म्हणजे अख्खं वाक्य छाप. १० म्हणजे पूर्ण ओळ टाइप होऊ दे, चुकलेलं खोडू दे, आणि मग तयार ओळ माझ्या हातात दे. ११ म्हणजे बटण दाबलं गेलंय का, तेवढंच बघून सांग.

बीडीओएस तो निरोप बायोसला द्यायचा आणि बायोस खऱ्या तारांशी बोलायचा. बायोस म्हणजे गावोगावची बोली जाणणारा दुभाष्याच. मशीन बदललं की दुभाष्या बदलायचा, वरच्या प्रोग्रामला पत्ताही लागायचा नाही.

याचा परिणाम काय झाला? कॉम्प्युटर बनवणाऱ्याने आपला बायोस लिहिला की बाजारातले सीपी/एमचे प्रोग्राम त्याच्या मशीनवर चालू शकत होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रत्येक कंपनीच्या दारात जायची गरज उरली नाही. वर्डस्टार आणि डीबेससारखे प्रोग्राम याच पायावर उभे राहिले. १९८१ पर्यंत सीपी/एम सुमारे ३,००० वेगवेगळ्या मॉडेल्सवर चालत होतं आणि डिजिटल रिसर्चची वर्षाची कमाई ५४ लाख डॉलरवर गेली होती. सॉफ्टवेअर डब्यात घालून दुकानात विकता येतं, हे यातून दिसलं.

अर्थात या रचनेत त्रुटीही होत्या. सीपी/एमला फक्त अक्षरं कळायची. बाणांची बटणं सगळ्या कीबोर्डवर नसायची, असली तरी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. म्हणून वर्डस्टारने कर्सर हलवायला कंट्रोल बटणासोबत ई, एस, डी आणि एक्स ही अक्षरं वापरली. कीबोर्डवर बघा, ही चार अक्षरं बरोबर चार दिशांना आहेत.

दुसरी त्रुटी जास्त त्रासाची. कंट्रोल आणि सी एकदम दाबलं की चालू काम सोडून बाणाकडे परत यायची सोय होती. पण सिस्टीम कीबोर्डकडे बघायची कधी? प्रोग्रामने तिला काही विचारलं तरच. एखादा प्रोग्राम आपल्याच नादात गोल फिरत अडकला आणि सिस्टीमला हाकच मारेना, तर तुम्ही कितीही बटणं बडवा, उपयोग शून्य. मशीन रीसेट करायचं, न साठवलेलं काम गेलं.

तो आयबीएमचा दिवस

१९८० साली आयबीएमने गुपचूप आपला छोटा कॉम्प्युटर बनवायला घेतला. ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती आणि बाजारात सीपी/एमचा दबदबा होता. आयबीएमची माणसं आधी मायक्रोसॉफ्टकडे गेली. बिल गेट्सने त्यांना गॅरीकडे पाठवलं.

ती पॅसिफिक ग्रोव्हला पोचली तेव्हा गॅरी खरंच आपल्या विमानात होता. पण मौज म्हणून भटकत नव्हता. एका ग्राहकाला माल द्यायला तो ओकलंडला गेला होता आणि दुपारी परत आला. सौदे बघायचं काम तसंही डोरोथीचंच होतं. आयबीएमने पुढे केलेला गुप्ततेचा करार एकतर्फी होता, त्यावर सही करायला ती कचरली. त्या दुपारी पुढे काय बोलणं झालं, यावर तिथल्या माणसांनी नंतर वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. एवढं खरं की सौदा जमला नाही.

आयबीएम परत मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टकडे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. पण सिॲटलमध्ये टिम पॅटरसन नावाच्या इंजिनियरने इंटेलच्या नव्या चिपसाठी एक सिस्टीम लिहिली होती. सीपी/एमचे प्रोग्राम तिच्यावर सहज आणता यावेत, म्हणून त्याने सीपी/एमच्या पुस्तिकेतली रचना समोर ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलर देऊन सगळे हक्क विकत घेतले. तीच डॉस झाली.

डॉस उघडून पाहिल्यावर काय दिसतं? १ म्हणजे कीबोर्डवरून अक्षर आण. २ म्हणजे स्क्रीनवर टाक. ९ म्हणजे वाक्य छाप. १० म्हणजे ओळ वाच. ११ म्हणजे बटण दाबलंय का बघ. क्रमांकसुद्धा तेच! इतकंच नाही, क्रमांक ९ ला वाक्य कुठे संपतं हे कळावं म्हणून शेवटी डॉलरचं चिन्ह टाकायचं, ही सीपी/एमची खोडही डॉसमध्ये जशीच्या तशी आली.

गॅरी चिडला. कोर्टात जायचा विचार त्याने केला, पण सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा तेव्हा धूसर होता. शेवटी आयबीएमने आपल्या कॉम्प्युटरसोबत सीपी/एमची नवी आवृत्तीही विकायची आणि गॅरीने दावा लावायचा नाही, अशी तडजोड झाली. पण बाजारात दोन्ही आल्या तेव्हा डॉसची किंमत होती ४० डॉलर आणि सीपी/एमची २४०. लोकांनी काय घेतलं, हे सांगायची गरज नाही.

पडद्यामागे एकाचे अनेक

किस्सा सांगणारे इथे थांबतात. गॅरीची कंपनी मात्र थांबली नाही.

त्याआधीच, १९७९ साली डिजिटल रिसर्चने एमपी/एम आणलं होतं. टॉम रोलँडरने लिहिलेल्या या सिस्टीममध्ये एका छोट्या कॉम्प्युटरला अनेक टर्मिनल जोडता यायचे. प्रत्येक माणसाला आपलं स्वतंत्र सत्र मिळायचं आणि प्रोसेसर सगळ्यांना आळीपाळीने वेळ वाटायचा.

मग आलं कन्करंट सीपी/एम. इथे माणूस एक, कीबोर्ड एक, पण स्क्रीन अनेक. म्हणजे स्क्रीनचा डबा एकच, पण मेमरीत प्रत्येक प्रोग्रामचा आपापला पडदा. ठरलेलं बटण दाबलं की मागचा पडदा पुढे. समोर ज्याचा पडदा, कीबोर्डची अक्षरं फक्त त्याला. मागच्या प्रोग्रामला अक्षर हवं असेल तर त्याने तुमची नजर पडेपर्यंत थांबायचं. पण टाइप करायची गरज नसलेलं काम, समजा लांबलचक हिशेब, तो मागे बसून करत राहायचा. आज तुम्ही मोबाइलवर एका ॲपमध्ये टाइप करता आणि दुसरं मागे गाणी वाजवतं, तेव्हा मूळ नियम हाच असतो.

१९८५ साली कंपनीने जेम आणलं. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून आलेल्या ली लोरेन्झनच्या हाताखाली ते घडलं. खिडक्या, चित्रं, माउस, सगळं हजर. पडद्यामागचा बदल त्याहून मोठा होता. सीपी/एमचा प्रोग्राम सारखं दार उघडून बघायचा, कोणी आलंय का. जेमच्या प्रोग्रामने दाराला बेल लावून घरात निवांत बसायचं. बटण दाबलं, माउस एखाद्या चौकटीत शिरला, ठरलेली वेळ झाली, खिडकी पुन्हा रंगवायची वेळ आली, यातलं काहीही घडलं की सिस्टीम बेल वाजवणार. आणि कोणाची बेल वाजवायची हे सिस्टीमच ठरवणार. झेरॉक्स आणि ॲपलने ही पद्धत आधीच धरली होती, जेमने ती स्वस्त मशीनवर नेली. अटारी एसटी हा कॉम्प्युटर जेमवरच चालायचा.

पण नशीब पुन्हा आडवं आलं. हे आमच्या मॅकिंटॉशसारखं दिसतं, अशी तक्रार ॲपलने केली. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा डिजिटल रिसर्चने पीसीवरच्या जेममधून कचऱ्याची टोपली काढली आणि डेस्कटॉपवरच्या खिडक्या जागच्या जागी खिळल्या. दात काढलेल्या त्या जेमला विंडोजपुढे फार काळ तग धरता आला नाही.

शेवटची वर्षं

गॅरीचा जीव धंद्यापेक्षा नव्या गोष्टी करून बघण्यात रमायचा. दी कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात तो अनेक वर्षं सहनिवेदक होता आणि प्रतिस्पर्ध्यांचीही यंत्रं शांतपणे समजावून सांगायचा. त्याने काढलेल्या दुसऱ्या एका कंपनीने १९८५ साली ग्रोलियरचा अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आणला. १९९१ साली डिजिटल रिसर्च नोव्हेल या कंपनीने विकत घेतली. गॅरीकडे पैसा आला, विमानं आणि गाड्या आल्या. डोरोथीशी घटस्फोट मात्र १९८३ सालीच झाला होता.

आणि तो किस्सा पाठ सोडेना. १९९२ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाला २५ वर्षं झाली. ज्या विद्यापीठाने गॅरीला डॉक्टरेट दिली, तिथे प्रमुख भाषणाला बोलावलं होतं बिल गेट्सला, ज्याने हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलं होतं आणि वॉशिंग्टन विद्यापीठाशी ज्याचा विद्यार्थी म्हणून संबंधही नव्हता. गॅरीला हे लागलं. त्याने आपली बाजू सांगणाऱ्या आठवणी लिहायला घेतल्या. हस्तलिखित पूर्ण झालं, घरच्यांत आणि मित्रांत वाटलं गेलं, पण पुस्तक म्हणून छापलं गेलं नाही.

जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. तीन दिवसांनी, ११ जुलैला त्याचा मृत्यू झाला. वय होतं ५२.

२०१४ साली पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्याच्या कंपनीच्या जुन्या इमारतीबाहेर आयईईई या इंजिनियरांच्या संस्थेने सीपी/एमचा गौरव करणारी पाटी बसवली. २०१६ साली त्याच्या मुलांनी त्या आठवणींचा पहिला भाग सगळ्यांसाठी खुला केला.

सीपी/एम आज कोणाच्या टेबलावर नाही. थर मात्र राहिले. तुम्ही बटण दाबता तेव्हा आधी ड्रायव्हर जागा होतो, तो सिस्टीमला सांगतो आणि सिस्टीम समोरच्या खिडकीला बेल देते. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबलं तर विंडोज ते कोणत्याच प्रोग्रामच्या हातात देत नाही, स्वतःकडेच ठेवते. म्हणून एखादा प्रोग्राम अडकला तरी बाहेर पडायची वाट उरते, जी गॅरीच्या काळात उरत नव्हती. मशीन कोणत्या कंपनीचं आहे याच्याशी तुमच्या ॲपला आज काही देणंघेणं नसतं. ही सोय घराघरातल्या कॉम्प्युटरवर आणली ती विमान उडवायला गेलेल्या त्या गड्याने.